कॅसेट आधी दाखल नोंदवहीत, मग कॉम्प्युटरात

प्रति,
विदर्भातील गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे आणि ग्रंथपाल
(प्रत माहितीसाठी: सर्व जिल्हा ग्रंथालय अधिकारी)

सप्रेम नमस्कार.

बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत अकरा जिल्ह्यांत ‘अ’ ते ‘ड’ वर्गाची जी ग्रंथालये आहेत, त्यांच्याकडे आमची मागणी एकच आहे. गावात उरलेल्या जुन्या चित्रपटांच्या कॅसेटी, रिळे आणि गाण्यांच्या चोपड्या पुस्तकांसारख्याच दाखल नोंदवहीत घ्या. शोधाशोध, कॉम्प्युटर, इंटरनेट हे सगळे त्या नोंदीनंतर. हा क्रम का, ते पुढे येईलच.

‘सगळं तर नेटवर आहे’ असे सभेत कोणीतरी म्हणणारच. ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज कुठे असल्याचे ज्ञात नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला तेव्हा चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातले पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे आहे, आणि तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. ८ जानेवारी २००३ला पुण्यातच संग्रहालयाच्या नायट्रेट (सहज पेटणाऱ्या जुन्या पट्टीच्या) रिळांच्या साठ्याला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळे गेली. जे कुठेच उरले नाही ते नेटवर कुठून येणार?

जे नेटवर आहे त्याचीही तऱ्हा बघा. एका जुन्या मराठी चित्रपटाच्या सात प्रती दिसतात. उघडल्या की सातही प्रतींच्या कोपऱ्यात एकाच वाहिनीचे चिन्ह आणि सातही प्रतींत त्याच मिनिटाला गाणे तुटलेले. प्रत एकच, चढवणारे सात. अशा वेळी तुमच्या तालुक्यात कोणी शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवरून उतरवून ठेवलेली कॅसेट जास्त पूर्ण निघू शकते. ती पूर्ण आहे की नाही हे ठरवायची रीत आहे, तीही खाली दिली आहे.

चित्रपट व्यवसायाच्या भाषेत आपला भाग म्हणजे सी. पी. बेरार सर्किट, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड हा वितरणाचा विभाग. वितरकांची पेठ अमरावतीला. रिळांच्या पेट्या तिथून निघून तालुक्याच्या टॉकीजला आणि जत्रेतल्या तंबूला पोहोचायच्या. करार संपला की प्रत परत जायची किंवा भंगारात. काळ्यापांढऱ्या पट्टीतल्या चांदीला भाव होता, म्हणून भंगारवालाही पट्टी आनंदाने घ्यायचा. जी प्रत परत गेली नाही आणि विकलीही गेली नाही, ती टॉकीजच्या मशीनखोलीत नाही तर ऑपरेटरच्या माळ्यावर पडून असते. टॉकीज पाडून मंगल कार्यालय होते त्या आठवड्यात ती बाहेर येते. गावात ग्रंथालयाचा माणूस त्या आठवड्यात हजर हवा.

नोंद झाली की आधी शोध. हातातली वस्तू दुर्मीळ आहे की नाही हे कळल्याशिवाय तिच्यावर किती कष्ट घ्यायचे ते ठरत नाही. तीन-चार जागा पुरतात. इंटरनेट आर्काइव्हवर चित्रपट, वृत्तपट आणि छापील साहित्य एकाच ठिकाणी सापडते. ‘इंडियनसिने.मा’ ही भारतीय चित्रपटांची नोंदवजा सूची आहे. चित्रपट नसला तरी वर्ष, दिग्दर्शक, कलाकार मिळतात. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झाले. २०२२ साली ते आणि चित्रपट संग्रहालय दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, पण माहितीपट शोधताना जुनेच नाव टाकावे लागते. स्वातंत्र्यापूर्वीची चित्रणे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या ‘इंडिया ऑन फिल्म’ या संग्रहात आहेत. १८९९ ते १९४७ हा त्याचा आवाका.

शोध फसतो तो बहुतेक वेळा स्पेलिंगमुळे. मराठी नावे इंग्रजी अक्षरांत कोणी कशीही लिहिली आहेत. ‘ज्ञ’ कोणी ‘डीएन’ने लिहितो, कोणी ‘जेएन’ने, कोणी ‘जीवाय’ने. ‘आई’त कुठे एक ‘ए’, कुठे दोन. म्हणून एका नावाची किमान चार रूपे टाका, मग देवनागरीत टाका, मग गाण्याचा मुखडा टाका. गावांची तीच गत. जुन्या वृत्तपटांत चंद्रपूर सापडणार नाही, ‘चांदा’ सापडेल. अचलपूर ‘एलिचपूर’ आहे, यवतमाळ ‘येओतमाल’, अमरावती ‘अमराओती’. सेवाग्राम, पवनार किंवा दीक्षाभूमी कथापटांच्या विभागात धुंडाळत बसू नका. ती वृत्तपटांत आहेत, आणि शीर्षकात बहुधा गावाऐवजी व्यक्तीचे नाव आहे.

नाव सापडले म्हणजे चित्रपट सापडला असेही नाही. ‘श्यामची आई’ १९५३चा आहे आणि २०२३चाही आहे. प्रभातने तर एकच कथा दोन भाषांत वेगवेगळी चित्रित केली: ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’ (१९३२), ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१). चेहरे बरेचसे तेच, सेट तेच, त्यामुळे हिंदी प्रतीला मराठी नाव चिकटवून ठेवलेले आढळते. पहिली दहा मिनिटे कानाने तपासा, नुसते चित्र पाहून नोंद करू नका.

उतरवून घेताना इंटरनेट आर्काइव्हच्या पानावरचे मोठे बटण दाबू नका. ‘शो ऑल’ उघडा. तिथल्या ‘_files.xml’ने संपणाऱ्या यादीत प्रत्येक फाइलपुढे ती ‘ओरिजिनल’ आहे की तिच्यापासून आर्काइव्हने बनवलेली ‘डेरिव्हेटिव्ह’ आहे हे कळते. घ्यायची ती ओरिजिनल. वीज मधेच जात असेल तर टॉरेंटची फाइल घ्या, म्हणजे तुटले तिथून पुढे चालू होते. शेवटी त्या यादीत दिलेला एमडी-५ आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची खूण) आपल्या फाइलच्या आकड्याशी जुळवून पाहा. एका अक्षराचाही फरक पडला तर फाइल अर्धवट किंवा बिघडून आली आहे.

आता पूर्णतेची परीक्षा. घड्याळ आणि साधा गुणाकार पुरे.

३५ मिमीचा बोलपट मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर चालतो. सेन्सॉर प्रमाणपत्रावर चित्रपटाची लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये असते. हे प्रमाणपत्र बहुधा चित्रपटाच्या सुरुवातीलाच दिसते, ते थांबवून वाचा. लांबी ३,६०० मीटर असेल तर चित्रपट १३१ मिनिटांचा. तुमच्या कॅसेटवर तो १२६ मिनिटे भरला तर पाच मिनिटे कापली असे लगेच समजू नका. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही २५ चौकटींचा. टीव्हीसाठी उतरवताना चित्रपट तेवढ्याच प्रमाणात वेगाने पळवतात आणि तो सुमारे ४ टक्क्यांनी आखूड होतो. १३१ गुणिले २४ भागिले २५, उत्तर १२६ला थोडेसे सेकंद कमी. म्हणजे प्रत पूर्ण आहे. गाण्याची पट्टीही त्यामुळे अर्ध्या सुराहून जराशी कमी चढलेली ऐकू येते. पेटी घेऊन बसणाऱ्याला हे लगेच कळते आणि तो उगाच जुन्या गायकांना नावे ठेवतो. पण कॅसेट ११८ मिनिटांत संपत असेल तर आठ मिनिटे खरोखरच गेली आहेत. मग कुठे गेली ते शोधा. रिळाच्या टोकाला पट्टी जास्त झिजते, तुटते आणि जोडली जाते, म्हणून दर दहा-अकरा मिनिटांनी, म्हणजे हजार फुटांच्या रिळाच्या सांध्यावर, उडी दिसते का पाहा. सांध्याव्यतिरिक्त मधेच गाणे गायब असेल तर ते बहुधा वाहिनीने वेळेसाठी कापलेले असते.

‘एचडी’ आणि ‘फोर-के’ या शब्दांवर जाऊ नका. मीडियाइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर फाइलची खरी मापे सांगते, पण ३५२ × २८८ची व्हीसीडी ताणून १९२० × १०८० केली असेल तर आकडेही फसवतात. तिथे डोळेच लावावे लागतात. नऊवारीच्या काठाची नक्षी दिसते का, मागच्या भिंतीचा पोत दिसतो का ते पाहा. अलीकडे यंत्राकडून गुळगुळीत केलेल्या, रंगवलेल्या प्रती फिरतात. त्यांत तरुण नटीचा चेहरा मेणाचा होतो आणि म्हाताऱ्याच्या सुरकुत्या पुसल्या जातात. असली प्रत ठेवायचीच तर ‘बदललेली’ असे नोंदवून वेगळी ठेवा. मूळ प्रतीच्या जागी ती कधीही ठेवू नका.

इथे कायदा येतो, आणि नोंदवहीचा मुद्दाही इथलाच. कॉपीराइट अधिनियम १९५७च्या कलम ५२(१)(एन)मध्ये २०१२च्या दुरुस्तीने एक सवलत आली. विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते आणि तो कॉपीराइटचा भंग होत नाही. व्हीएचएस कॅसेट आणि चित्रपटाचे रीळ या डिजिटल नसलेल्या प्रती आहेत. व्हीसीडी आणि डीव्हीडी डिजिटल असल्याने या सवलतीत बसत नाहीत. सीडीचे पुडके घेऊन येणाऱ्याला हा फरक समजावून सांगा. आणि वस्तू ‘ग्रंथालयाकडे’ असली पाहिजे. ग्रंथपालाच्या मित्राच्या घरची कॅसेट ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर उतरवली तर ग्रंथालयाकडे दाखवायला काय उरते? म्हणून देणगीपत्र, दाखल क्रमांक, तारीख आणि त्यानंतरच कॅसेट यंत्रात.

ही सवलत साठवण्यापुरती आहे. नेटवर चढवणे आणि चौकात पडदा लावून दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी. त्यांना हक्कधारकाची परवानगी लागते किंवा चित्रपटाचा कॉपीराइट संपलेला असावा लागतो. चित्रपटाची मुदत प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे. हिशोब तोंडी करता येतो: प्रदर्शनाच्या सालात ६१ मिळवा, त्या सालच्या १ जानेवारीला चित्रपट मोकळा. १९६०चा चित्रपट १ जानेवारी २०२१ला मोकळा झाला, १९६४चा १ जानेवारी २०२५ला. मात्र गीतकार, संगीतकार, कथालेखक यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात, त्यामुळे चित्रपट मोकळा झाला तरी चढवण्यापूर्वी ती नावे तपासा. आणि दुसऱ्या कोणी पैसा खर्चून दुरुस्त केलेली प्रत उचलून आपल्या ग्रंथालयाच्या नावाने चढवू नका. तुमच्या कॅसेटची मोडकी प्रत जास्त कामाची आहे, कारण ती कुठून आली हे तुम्ही सांगू शकता.

नोंद पुस्तकासारखी एका ओळीत उरकत नाही. चित्रपटाचे नाव, भाषा, साल. वस्तूचा प्रकार, उदाहरणार्थ व्हीएचएस ई-१८०. लेबलवर हाताने लिहिलेला मजकूर चुकांसकट जसाच्या तसा. कोणाकडून आणि कोणत्या तारखेला आली. बुरशी आहे का, वास येतो का. चालवून पाहिली का, कोणी. ‘लेबल चुकीचे होते, आत दुसराच चित्रपट निघाला’ हीसुद्धा नोंद आहे. लेबल फेकू नका.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिची खिडकी उजेडाकडे धरा. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळे दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली तर बुरशी यंत्राच्या डोक्यावर (टेप वाचणाऱ्या गोल भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि जाणकाराकडे पाठवा. कॅसेट स्वच्छ असेल तर मागच्या कडेची प्लास्टिकची लहान पट्टी मोडा. ती मोडली की चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी काही पुसले जात नाही. टिनाखालून आणलेली कॅसेट ज्या खोलीत चालवायची तिथे एक दिवस ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर आत दव धरते आणि टेप गोल डोक्याला चिकटते. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षे एकाच ताणात पडलेली टेप त्यामुळे मोकळी होते.

व्हीसीआरचे डोके पुसायचे ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सुटणाऱ्या कापडाने. कापड स्थिर धरून गोल डोके बोटाने फिरवायचे. वरखाली पुसू नका आणि कान कोरायची कापूस लावलेली काडी तर वापरूच नका; काडीचा धागा डोक्याच्या बारीक टोकात अडकतो आणि ते टोक उपटून येते. असे व्हीसीआर आता भंगारातूनच मिळतात, डोके गेले की यंत्र गेले.

व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या तारा यूएसबी कॅप्चर कार्डात आणि कार्ड कॉम्प्युटरला. मापे ७२० × ५७६, सेकंदाला २५ चौकटी, ‘इंटरलेस्ड’ (प्रत्येक चौकट एकाआड एक रेघांच्या दोन भागांत) तसेच ठेवून. हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात म्हणून लोक उतरवतानाच त्या घालवतात, आणि निम्मी हालचाल कायमची जाते. त्या पाहण्याच्या प्रतीत घालवाव्यात, जतनाच्या प्रतीत नाही. जतनाची प्रत एमकेव्ही फाइलमध्ये एफएफव्ही-१ या पद्धतीने करा. तिच्यात चित्र दाबले जाते पण काही फेकले जात नाही. तासाला ३० ते ४० जीबी लागतात. अडीच तासांचा चित्रपट साधारण ९० जीबी, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर चाळीस-बेचाळीस चित्रपट. तिच्यापासून एच-२६४ची एमपी-४ प्रत काढा, ती दीड-दोन जीबीत बसते आणि दाखवायची परवानगी असेल तर वाचनकक्षात तीच दाखवायची.

स्वस्त कार्डाचा नेहमीचा रोग म्हणजे ओठ आणि आवाज यांची फारकत. टेपवरचा संकेत डळमळला की कार्ड चौकटी टाकून देते, आवाज मात्र चालू राहतो. तासाभरात दोन सेकंदांचा फरक पडतो. तपासणी सोपी आहे. एका तासाच्या चित्रणात २५ × ३,६०० म्हणजे बरोबर ९०,००० चौकटी हव्यात. ८९,९५० निघाल्या तर ५० चौकटी, म्हणजे ते दोन सेकंद, गळले. उपाय असा की व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडायचा. त्याच्यावर रेकॉर्ड करायचे नाही, संकेत फक्त आरपार जाऊ द्यायचा. बऱ्याच रेकॉर्डरांत तो आपोआप सरळ होतो. आणि सगळे यूपीएसवर. दोन तास दहा मिनिटांनी वीज गेली तर उतरवलेली फाइल बिघडतेच, शिवाय टेप आत अडकते ती वेगळी.

व्हीसीडी उतरवायची परवानगी असेल तर तिच्याबाबत एकच सांगतो: तिच्यातली ‘डॅट’ फाइल ओढून कॉपी केली की अनेकदा मधेच अडते. त्या चकतीवरचे चित्र साध्या डेटासारखे लिहिलेले नसते. पूर्ण चकतीची ‘बिन-क्यू’ प्रतिमा काढा, मग चित्रपट तिच्यातून काढा. झाडीपट्टीतल्या नाटकांचे चित्रण असलेल्या चकत्या असतील तर मंडळीची लेखी परवानगी घेऊन त्या आधी करा. त्या दुसरीकडे कोण जपणार?

रिळांचे प्रकरण वेगळे, आणि आपल्या उन्हाळ्यात धोक्याचे. डबा उघडण्यापूर्वी तो कुठल्या काळाचा आहे याचा अंदाज घ्या. १९५०च्या सुमारापर्यंतचे ३५ मिमी रीळ नायट्रेटचे असू शकते. पट्टीच्या कडेवर ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असे इंग्रजीत छापलेले असते, ते भिंगातून वाचा. पण जुन्या मूळ प्रतीवरून छापताना तिच्या कडेवरचा शब्दही नव्या पट्टीवर उतरतो, म्हणून शंका असेल तर नायट्रेटच समजा. जाळून पाहण्याची परीक्षा कोणी सुचवली तर त्याला खोलीबाहेर काढा. कुजू लागलेले नायट्रेट ४१ अंशांच्या आसपास बराच काळ राहिले तर आपोआप पेटू शकते. जळताना ते स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते, म्हणून पाण्याने विझत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात टिनाखालच्या खोलीचे तापमान किती जाते हे तुम्हाला सांगायला नको. अशी पट्टी ग्रंथालयात एक रात्रही ठेवू नका. पोत्यात कोंबून एसटीने पुण्याला पाठवू नका. सावलीतल्या, वस्तीपासून दूरच्या हवेशीर जागी ठेवून अग्निशमन दलाला कळवा आणि संग्रहालयाला फोन करा.

त्यानंतरची रिळे आणि सगळी १६ मिमी रिळे बहुधा अॅसिटेटची असतात. ती आपोआप पेटत नाहीत, आंबतात. डबा उघडताच शिरक्याचा भपका आला की ओळखा. हे आम्ल स्वतःच पुढचे कुजणे वाढवते, म्हणून वासाचा डबा घट्ट बंद ठेवू नका आणि चांगल्या डब्यांशेजारी ठेवू नका. उष्णता आणि ओल दोन्ही घातक. इथे एक वैदर्भीय चूक हमखास होते: रिळे थंड राहावीत म्हणून कूलरच्या खोलीत ठेवली जातात. डेझर्ट कूलर हवा थंड करतो तो पाणी घालून. त्या खोलीतली दमट हवा कोरड्या उन्हाळ्यापेक्षा वाईट. जाड मातीच्या भिंतींची, कवेलूखाली पाटण असलेली, उत्तरेकडची खोली बरी. डबे आडवे ठेवा, जमिनीपासून वीतभर वर.

रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका. आधी ते आकसले आहे का ते मोजा, सुताराच्या टेपने मोजता येते. ३५ मिमी पट्टीच्या १०० चौकटी नव्यापणी १,९०० मिमी, म्हणजे एक मीटर नव्वद सेंटिमीटर भरतात. पट्टी सपाट टेबलावर स्वच्छ कापडावर पसरा, हातात सुती मोजे घाला, १०० चौकटी मोजून दोन टोकांना कागदाची चिठ्ठी ठेवा. १,८८१ मिमी भरली तर १ टक्का आकसली. एवढ्या आकसलेल्या पट्टीची भोके प्रोजेक्टरच्या दातांशी जुळत नाहीत आणि यंत्र ती फाडत जाते. १६ मिमीला १०० चौकटींचे ७६२ मिमी, टक्क्याला साडेसात मिमी धरा. टेबल, टेप आणि दहा मिनिटे, एवढ्यात रीळ वाचवायचे की नाही नव्हे, किती लवकर वाचवायचे ते ठरते.

मग पुण्याला कळवायचे. संग्रहालयाची स्थापना १ फेब्रुवारी १९६४ची, आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली दुरुस्ती आणि डिजिटायझेशनचे काम तिथूनच चालते. २०२२ साली सुमारे २,२०० चित्रपटांसाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. भावनिक पत्र नको. नाव, भाषा, ३५ की १६, किती रिळांपैकी किती उरली (रिळाच्या सुरुवातीला ‘भाग ३’ असे लिहिलेले असते), पट्टी कशाची, वास, आकस किती टक्के, आणि कडेचे दोन-तीन स्पष्ट फोटो. हे आठ तपशील असलेले पत्र वाचणाऱ्याला उत्तर देणे भाग पडते.

टॉकीजच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, पोस्टर आणि रोजच्या गल्ल्याच्या डीसीआर वह्या हेही त्याच कपाटात घ्या. चित्रपट हरवला असेल तर चोपडीतला कथासार आणि नामावली हीच त्याची उरलेली खूण. ४०० ते ६०० डीपीआयला स्कॅन करा, पाठमोरी बाजूही. मागे छापखान्याचे नाव असते.

साठवणीचा नियम जुनाच: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. दुसरे गाव म्हणजे त्याच नदीवरचे शेजारचे गाव नव्हे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेने एकाच पुरात दोन्ही काठ धरले होते. पेनड्राइव्हला साठवण म्हणू नका. हार्ड डिस्क सहा महिन्यांनी लावून एमडी-५ आकडे जुळवा आणि पाच वर्षांनी बदला, चालत असली तरी. चढवायला परवानगी असलेली २ जीबीची फाइल २ एमबीपीएसच्या जोडणीवर सव्वादोन तास घेते. ती रात्री लावा.

प्रत्येक ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाने व्हीसीआर शोधत फिरावे असे आम्ही म्हणत नाही. यंत्र तालुक्याला एक पुरे. गावच्या ग्रंथालयाने कपाटाचा एक कप्पा, नोंदवहीची वेगळी पाने आणि देणगीपत्राचा छापील नमुना एवढेच ठेवावे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तसा ठराव घ्या. ठरावात ‘दृकश्राव्य साहित्य’ हा मोघम शब्द न घालता ‘चित्रपटाची रिळे, व्हीएचएस कॅसेटी, गाण्यांच्या पुस्तिका’ असे नेमके लिहा, म्हणजे उद्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे कप्पा का भरला हे सांगावे लागणार नाही.

आपले,
जुन्या चित्रपटांच्या प्रती शोधण्या-सांभाळण्याच्या कामातले काही जण

ता. क. काम होळीच्या आत सुरू करा. टिनाखालचे डबे आणि कॅसेटी आधी खाली उतरवून घ्या, नोंद नंतर, पण यंत्रात घालण्यापूर्वी, निवांत करता येईल. आणि बंद पडलेला व्हीसीआर कोणी देत असेल तर नाही म्हणू नका. रबरी पट्टा आणि रिमोट त्यातूनच मिळतात.